नाशिकच्या ट्रॅफिकमध्ये सीबी ३५०: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अपडेट

मागचा अपडेट टाकला तेव्हा रनिंग-इन, म्हणजे नवीन गाडी जपून चालवायचा काळ, नुकतंच संपलं होतं. त्यात सगळं कौतुक होतं टाकीचं, क्रोमचं आणि त्या गोल हेडलाइटचं. ते कौतुक अजून आहे, सकाळी कव्हर काढलं की पाच सेकंद बघत उभा राहतोच मी. पण आता उन्हाळा झाला, पावसाळा झाला, पंचवटी ते सातपूर रोजचं जाणं-येणं चालू आहे, तर या वेळी फक्त कामाचं लिहितो. कारण मेसेज सगळ्यांचे तेच येतात, ३५० सीसीची गाडी रोज शहरात जड जाते का?

माझं उत्तर असं की वजन फक्त माणूस चालतो त्या स्पीडच्या खाली जाणवतं. त्याच्या वर गेलात की नाशकात रोज चालवायला यापेक्षा आरामाची गाडी मी तरी चालवलेली नाही. म्हणजे शिकायचं काय तर तो खालचा भाग, शून्य ते आठ-दहाचा स्पीड, बाकी गाडी स्वतः सांभाळते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, गाडी होंडा हायनेस सीबी ३५०, २०२० साली आली ती. ३४८ सीसी सिंगल सिलिंडर, एअर कूल्ड, १८१ किलो, सीटची उंची ८०० मिमी, टाकी १५ लिटरची. माझी आधीची १२५ सीसीची होती, तिचं वजन सव्वाशे किलोच्या आत, त्यामुळे पार्किंगमधून काढताना फरक लगेच कळला.

आता मुख्य मुद्दा टॉर्कचा, म्हणजे इंजिनच्या ओढायच्या जोराचा. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) साधारण ९०.५ मिमी, म्हणजे चांगलंच लाँग स्ट्रोक, आणि ३० एनएम टॉर्क ३००० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चा आकडा २७ एनएम आणि तो ४००० ला, तिचीही मजा वेगळी आहे, माझ्या मित्राकडे आहे, आम्ही गाड्या बदलून चालवतो. पण ३००० चा अर्थ शहरात काय होतो ते बघा. मालेगाव स्टँडचा चढ, पुढे बस, मध्येच रिक्षा थांबते, पंचवीसवर आलात, परत पुढे मोकळं झालं. १२५ वर इथे दोन गिअर खाली टाकून पिळायला लागायचं. या गाडीवर तिसरा टाकलेला असतो तो तसाच राहतो, नुसता थ्रॉटल उघडायचा आणि ती दणदण करत वर चढते. रविवार कारंजा ते अशोक स्तंभ ते सीबीएस हा सगळा पट्टा मी जवळजवळ तिसऱ्यावरच काढतो, पूर्ण थांबलो तरच पहिला-दुसरा, आणि पुढे त्र्यंबक रोडला लागलो की चौथा. पाचवा शहरात फारसा लागतच नाही. पाचव्यावर तीस-पस्तीसने ओढायला जाऊ नका. चालते म्हणून ओढायची असं नसतं, इंजिन ठोके द्यायला लागतं आणि तो मार चेनला, स्प्रॉकेटला बसतो. मी मीटर बघत नाही, कानाने ठरवतो. ठोका सुटा सुटा ऐकू यायला लागला की एक गिअर खाली.

याचा परिणाम माझ्या चालवण्यावर झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गिअर बदलायचे नाहीत म्हटल्यावर माणूस उगाच पुढे घुसत नाही, लांबून बघतो, मायको सर्कलचा सिग्नल लाल दिसला की आधीच थ्रॉटल सोडतो आणि तिथे पोचेपर्यंत बऱ्याचदा हिरवा झालेला असतो. वेळ तेवढाच लागतो पण ऑफिसला पोचल्यावर खांदे आखडलेले नसतात. आणि मायलेजही शहरात ३४-३५ च्या आसपास येतंय, म्हणजे टाकी फुल केली की बरेच दिवस पंपाकडे बघायला नको.

क्लचबद्दल विचारलं होतं एकाने, द्वारका चौकाच्या जॅममध्ये हात दुखतो का. नाही दुखत. हिला असिस्ट-स्लिपर क्लच आहे. आतमध्ये तिरप्या खाचा असतात, इंजिनचा जोर आला की त्याच जोराने प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे स्प्रिंग हलक्या ठेवता येतात आणि लिव्हर हलकी लागते. आणि उलट बाजूने, पटकन गिअर खाली टाकले तर प्लेटा थोड्या सुटतात म्हणून मागचं चाक उड्या मारत नाही. तरीपण एक गोष्ट करा, लिव्हरचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला ती मोकळी हलते तो भाग, स्वतःच्या बोटांप्रमाणे सेट करून घ्या, मॅन्युअलमध्ये दिलंय त्या मर्यादेत. माझी बोटं आखूड आहेत, थोडासा फरक केला तर द्वारका ते बिटको चौक हा प्रवासच बदलला. आणि सिग्नलला क्लच दाबून पहिल्यावर उभं राहू नका, न्यूट्रल टाका, केबल आणि बेअरिंग दोन्ही वाचतात.

आता तो खालचा भाग, शून्य ते दहा. इथे सगळं काम मागच्या ब्रेकचं आहे हे मला सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर सराव करताना समजलं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक धरला की गाडी आतल्या बाजूला ओढली जाते आणि १८१ किलो एकदा झुकले की पायाने थांबत नाहीत. त्याऐवजी थ्रॉटल थोडा उघडा ठेवायचा, क्लच अर्धवट, आणि मागचा ब्रेक हलका दाबून स्पीड त्याच्यावर कमी-जास्त करायचा. गाडी ताठ उभी राहते. आणि मान वळवायची, जिथे जायचंय तिथे बघायचं, पुढच्या चाकाकडे नाही. दोन बाटल्या ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढायचा, आधी मोठा मग लहान, पाय खाली न टेकता. हे जमलं की दिंडोरी नाक्यावर यू-टर्न असो नाहीतर मेन रोडच्या गर्दीतून बाहेर पडणं असो, मन शांत राहतं. नवीन ३५० घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, अॅक्सेसरीज नंतर घ्या, आधी चार सकाळी हे करा.

पार्किंगचं पण तसंच. जुन्या नाशकातले बोळ सगळे चढ-उताराचे, तिथे तोंड उताराकडे करून लावली तर मागे खेचून काढताना घाम फुटतो. मी नेहमी उलटी लावतो, म्हणजे निघताना उताराची मदत मिळेल अशी, आणि साइड स्टँडवर लावताना पहिला गिअर टाकूनच. बुधवारी गोदाघाटावर बाजार असतो त्या दिवशी मी गाडी तिकडे नेतच नाही, सरळ वरून जातो. तिथे गाडी छोटी असो की मोठी, हातगाडी आणि माणसांमध्ये जागाच नसते, आणि बाजाराला आलेल्या लोकांना हॉर्न मारत जाणं मला पटत नाही.

उन्हाळ्याचं सांगतो. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळीसच्या आसपास जातं आणि एअर कूल्ड इंजिन म्हणजे वारा लागला तरच थंड होणार. उभ्या गाडीला वारा नाही. सिग्नलचा आकडा मोठा असेल तर मी सरळ इंजिन बंद करतो, दहा-पंधरा सेकंद राहिले की सुरू. पातळ ट्रॅक पँट घालून चालवू नका, जीन्स किंवा रायडिंग पँट आणि घोट्यावर येणारा बूट, इंजिनजवळचा पाय आपोआप सुखी राहतो. ऑइलची लेव्हल उन्हाळ्यात जास्त वेळा बघा, गाडी सरळ उभी करून, साइड स्टँडवर नाही.

पावसाळा मात्र या गाडीवर मला सगळ्यात जास्त आवडला. या वर्षी गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नेहमीप्रमाणे गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पाणी वाढलं, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठपर्यंत आलं याच्या बातम्या सुरू झाल्या, घाटावरचे रस्ते बंद आणि सगळी गर्दी वरच्या पुलांवर. अहिल्याबाई होळकर पुलावर गाड्या नुसत्या सरकत होत्या, आणि अशा सरकण्यात ही गाडी क्लच सोडल्यावर नुसत्या आयडलवर पुढे जाते, थ्रॉटलला हातही लावायला लागत नाही. लाँग स्ट्रोक आणि जड क्रँक याचा हा फायदा, इंजिन पटकन बंद पडत नाही.

पाणी ओसरल्यावर खरा धोका असतो. घाटाच्या बाजूच्या रस्त्यांवर गाळ राहतो, तो वाळल्यासारखा दिसतो पण खाली ओला असतो. ट्रॅक्शन कंट्रोल तिथे कामाला येतो, मागचं चाक पुढच्यापेक्षा जोरात फिरायला लागलं की तो इंजिनचा जोर कमी करतो, मीटरवर दिवा लुकलुकतो. ड्युअल चॅनल एबीएस आहेच, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी दोन्ही चाकं लॉक होत नाहीत. पण दोन्हीला मर्यादा आहे, वळणात वाकलेल्या गाडीला ते घसरण्यापासून वाचवणार नाहीत. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, यांच्यावरून गाडी सरळ ठेवून जायचं, ब्रेक त्याच्या आधी मारून घ्यायचा. आणि पावसात हझार्ड लाइट लावून चालवणाऱ्यांना विनंती आहे, नका लावू, चारही इंडिकेटर लुकलुकत असले की तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही.

चेन. पावसात दर आठवड्याला बघतो, एरवी ५०० किमीच्या आसपास साफ करून ल्यूब. मध्ये एकदा टायरला आतून पॅच लावायला चाक काढलं तेव्हा त्या दुकानात चेन फार ताणून बसवून दिली. घरी येईपर्यंतच गाडी तिसऱ्यावर ओढताना खरखर जाणवायला लागली होती, जो गुळगुळीतपणा मी वर सांगतोय तो गेलाच. माणूस बसला की स्विंगआर्म वर जातो आणि चेन अजून ताणते, त्यामुळे मोकळ्या गाडीवर थोडी सैल दिसणं बरोबरच असतं. स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किती सैल ठेवायची ते छापलंय, त्याप्रमाणे करून घेतली आणि गाडी परत पहिल्यासारखी. चाक कुठेही काढलं की निघायच्या आधी चेन स्वतः बोटाने हलवून बघा. टायरची हवा पण तशीच, सकाळी थंड टायरवर, महिन्यातून दोनदा तरी.

आईबद्दल लिहायचं होतं. ती एका बाजूला बसते, साडी नेसून, गंगापूर रोडला डॉक्टरकडे न्यायचं असतं. साडी गार्ड आणि तिच्या पायासाठी खालची पट्टी पक्की आहे ना हे मी नटबोल्ट हलवून तपासतो, कायद्यात पण मागच्यासाठी हँडल, पाय ठेवायची जागा आणि चाक झाकणारा गार्ड लागतोच. स्टायलिश दिसावं म्हणून गार्ड काढणारे बरेच दिसतात, त्यांनी घरच्या बायकांचा विचार करावा. एका बाजूला वजन आलं की हळू स्पीडला गाडी डावीकडे जाते, मग मी माझं अंग थोडं उजवीकडे ठेवतो आणि उजवे यू-टर्न टाळतो, पुढच्या मोठ्या चौकातून वळून येतो. ‘या गाडीवर गचके बसत नाहीत रे’ असं आई म्हणाली. तिची कंबर दुखते, त्यामुळे मला या गाडीबद्दल आलेल्या सगळ्या अभिप्रायांत हा एक पुरे आहे.

सायलेन्सर बदलणार का विचारलंय दोघा-तिघांनी. नाही. कंपनीचा आवाज खोल आहे, कानाला गोड आहे आणि सोसायटीत सकाळी कोणी उठत नाही. फटाके फोडणाऱ्या पाइपमुळे पोलिस सगळ्याच रेट्रो गाड्या बाजूला घेतात, दंड होतो तो वेगळाच, आणि असल्या पाइपमध्ये खालचा टॉर्क कमी होण्याचीच शक्यता जास्त, म्हणजे ज्याच्यासाठी गाडी घेतली तेच घालवायचं.

आता पुढचं काम मागच्या टायरचं. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खोदलेत, खडी पसरलेली असते, मधली नक्षी बऱ्यापैकी झिजलीय. साइज १३०/७०-१८ तोच ठेवणार, रुंद टायर दिसायला भारी वाटतो पण शहरात वळायला गाडी आळशी होते आणि चेनला घासायची भीती. कंपाउंड, म्हणजे टायरचं रबर, थोडं मऊ घ्यावं का नेहमीचंच, हे ठरत नाहीये, मऊ घेतला तर ओल्या रस्त्यावर पकड चांगली पण लवकर संपणार. ज्यांनी सीबीचा मागचा टायर बदललाय आणि एक पावसाळा त्याच्यावर काढलाय त्यांनी ब्रँड आणि किती किमी चाललं ते सांगा, दिवाळीच्या आधी टाकून घ्यायचा आहे.