किट कारच्या मागच्या अ‍ॅक्सलमधली ठकठक

१९५७च्या लोटस सेव्हन या छोट्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीवर इंग्लंडमध्ये लोक घरच्या गराजात सुट्या भागांपासून ज्या किट कार बांधतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा अखंड अ‍ॅक्सल (मागची दोन्ही चाके जोडणारा एकच कडक आस) असतो. चार ट्रेलिंग आर्म त्याला पुढेमागे धरतात, आडवा पॅनहार्ड रॉड डावीउजवीकडे. दोन शॉकअप धरले तर एकूण चौदा सांधे. ठकठक सुरू झाली की लोक सगळे बुश (सांध्यातल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या गाद्या, ज्यांच्या आत बोल्टासाठी स्टीलची नळी असते) बदलून मोकळे होतात, आणि आवाज तसाच राहतो. बुश बहुतेकदा निर्दोष असतो; झोल, म्हणजे नको असलेली मोकळी हालचाल, बोल्टात असतो.

आधी आवाज कधी येतो ते पाहा. सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर सोडताना-दाबताना एकच ठोका पडला, तर गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा), डिफरन्शिअल किंवा ट्रेलिंग आर्म. वळणावर आला तर पॅनहार्ड. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड असेल तर शॉकअप. पण हलका ब्रेक दाबताच ती थांबली, तर ब्रेकचे पॅड वाजताहेत.

तपासताना चासी घोडीवर (स्टँडवर) ठेवून अ‍ॅक्सल लोंबकळू देऊ नका. भार बदलला की झोल लपतो. भक्कम रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी ठेवा, चाकांना अडण लावा. एकाने गाडी आडवी हलवायची, दुसऱ्याने बोट अर्धे ब्रॅकेटवर (सांधा धरणाऱ्या पट्ट्यांवर) आणि अर्धे बुशच्या नळीवर टेकवायचे. केसभर हालचालही बोटाला कळते.

आता नेहमीचा गुन्हेगार. शॉकअपचा डोळा (टोकाचे भोक) अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिमी, आणि त्यात एम१२, म्हणजे १२ मिमीचा, बोल्ट. ०.७ मिमी मोकळीक! नट कितीही आवळला तरी कधीतरी तो सरकतोच. अर्ध्या इंचाचाच बोल्ट घ्या किंवा नेमक्या मापाची स्लीव्ह बसवा. बोल्टची आटे नसलेली दांडी ब्रॅकेटच्या दोन्ही भोकांतून पार जायला हवी. भोकात आटे आले तर ते भोक कातरून लंबगोल करतात. तसे झाले असेल तर भोक मोठे करू नका, नवी पट्टी वेल्ड करा.

आतली स्टीलची नळी पॉलीयुरेथेन बुशपेक्षा अर्धा मिमी तरी लांब हवी. आखूड असली तर ब्रॅकेट बुशलाच चिमटते आणि कुईकुई सुरू होते. पॉलीला सिलिकॉन ग्रीस लावा. नळी आणि ब्रॅकेटमध्ये फट उरत असेल तर वॉशरने भरा. नुसते आवळून ब्रॅकेट वाकवणे म्हणजे पुढच्या तड्याला आमंत्रण.

रबर नळीला चिकटवलेले बुश असतील तर नट आधी हातानेच लावा. गाडी चाकांवर, चालकाचे वजन आत, मगच टॉर्क पान्याने आवळा, ८.८ दर्जाच्या एम१२ला साधारण ८० न्यूटन मीटर. लोंबकळत्या अ‍ॅक्सलवर आवळलेले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

ब्रॅकेटच्या आतल्या बाजूचा पावडर कोटही खरवडून काढा. भाराखाली तो दबतो आणि आवळलेला नट सैल पडतो. नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) दरवेळी नवा. नट आणि ब्रॅकेटवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. शंभरेक किलोमीटरनंतर ती तुटलेली दिसली, तर तो सांधा पुन्हा उघडून पाहा.