आधी दुमेला, मग काम: ब्लूमफाँटेनमधली माझी दोन वर्षं

दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला पोचून तिसरा दिवस होता. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर एक शिक्का हवा होता, मला आधीच दोन आठवडे उशीर झालेला, म्हणून मी काउंटरवर गेले आणि आपण इकडे कुठल्याही ऑफिसात बोलतो तसं थेट बोलले, हा फॉर्म, शिक्का पाहिजे. समोरच्या बाईंनी फॉर्मकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि सावकाश म्हणाल्या, "हॅलो. हाऊ आर यू?" मी फाइन म्हटलं आणि परत फॉर्म पुढे सरकवला. त्या अजून थांबलेल्याच. रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलीने हळूच सांगितलं, आता तू पण विचार ना त्यांना. विचारलं. मग त्या हसल्या, बरं चाललंय म्हणाल्या, फॉर्म घेतला आणि अर्ध्या मिनिटात शिक्का मारून दिला.

तिकडे जाणारी मुलं मला मेसेज करून व्हिसाचं विचारतात, खर्चाचं विचारतात, सेफ आहे का विचारतात. ते सगळं सांगतेच, पण पहिल्यांदा हा काउंटरचा किस्सा सांगते, कारण पुढची दोन वर्षं माझं प्रत्येक काम याच्यावर अडलं किंवा याच्यामुळे झालं.

मी माण तालुक्यातली. राहुरीला ॲग्री केलं, नंतर ज्वारीवर मास्टर्स करायचं ठरलं आणि तिकडे जागा मिळाली. तिकडचं शैक्षणिक वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं आणि नोव्हेंबरपर्यंत चालतं, त्यामुळे आपला निकाल लागल्यावर मधे पाच-सहा महिने मिळतात. मला वाटलं भरपूर वेळ आहे. नव्हता. व्हिसासाठी पोलीस क्लिअरन्स लागतं, ते पासपोर्ट ऑफिसमार्फत, त्यासाठी गावात पोलीस येऊन चौकशी करून गेले तर आख्ख्या आळीला वाटलं मी काय केलं. मेडिकल रिपोर्ट वेगळा, छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट वेगळा, दोन्ही त्यांच्याच फॉर्मवर, आणि सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती मेडिकल कव्हरला. आपला इकडचा ट्रॅव्हल इन्शुरन्स चालत नाही, तिकडे रजिस्टर असलेल्या स्कीमचंच लागतं, मी वर्षाचे पैसे एकदम भरून टाकले. मी नोव्हेंबरात फाइल दिली आणि मग आठवड्यांवर आठवडे नुसती वाट. फोन लागायचा नाही, लागला तर अंडर प्रोसेस एवढंच उत्तर. वडिलांनी फीचे पैसे उभे केलेले, ते काही बोलायचे नाहीत पण रोज संध्याकाळी शेतातून आल्यावर माझ्या तोंडाकडे बघायचे. शेवटी फेब्रुवारी २०२३ मध्ये पासपोर्ट हातात आला आणि चौथ्या दिवशी मी मुंबई, आदिस अबाबा, जोहान्सबर्ग अशी निघाले. आदिस अबाबावरून जाणार असाल तर यलो फीवरची लस घेऊन टाका, तिथल्या विमानतळावर थांबा लांबला तर पुढे उतरताना लसीचं पिवळं कार्ड विचारतात, आणि लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी व्हायला पाहिजे. आणि एकदा तिकडे गेलात की व्हिसाची तारीख डोक्यात पक्की ठेवा, वाढवायचा असेल तर संपायच्या ६० दिवस आधी अर्ज करावा लागतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दंड भरून सुटत नाही, वर्षभर, आणि ३० दिवसांच्या वर गेलं तर पाच वर्षं देशात परत येता येत नाही.

जोहान्सबर्गहून ब्लूमफाँटेन बसने चारेकशे किलोमीटर. दोन्ही बाजूला मका, मका आणि मका, मग नुसतं गवत, माणूस दिसत नाही. आपल्याकडे दर पाच किलोमीटरवर गाव येतं, वडापाव येतो, तिकडे ते रिकामेपण बघून माझ्या पोटात गोळा आला.

पहिले काही दिवस छोट्या छोट्या गोष्टींनीच दमायला व्हायचं. सिग्नलला रोबोट म्हणतात. "जस्ट नाऊ" म्हणजे आत्ता नाही, नंतर कधीतरी, आणि "नाऊ नाऊ" म्हणजे त्यातल्या त्यात लवकर. मी ठेचकाळले तर रस्त्यावरचा अनोळखी माणूस सॉरी म्हणायचा, त्याची काही चूक नसताना. मी विचारात पडायचे हा का सॉरी म्हणतोय, नंतर कळलं ते आपल्या "अगं बाई, लागलं का" सारखं आहे. घरी माळकरी, मी मांस खात नाही, आणि भाजी म्हणून जे यायचं त्यात हमखास चिकन. लोडशेडिंग मात्र अगदी घरच्यासारखं, शब्द पण तोच! मी गेले तेव्हा स्टेज ६ चालू होतं, दिवसातून कित्येक तास लाइट नाही, सगळ्यांच्या मोबाइलवर वेळापत्रकाचं ॲप. बाकीची परदेशी मुलं वैतागायची, मला रात्री दोनला मोटर चालू करायला उठणारे वडील माहीत होते, मी थर्मास भरून ठेवायचे आणि अभ्यासाला बसायचे.

एका गोष्टीने मात्र खरंच गोंधळ उडाला, दिशा. दुपारी सूर्य उत्तरेला! बारा वाजता उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की ऊन चेहऱ्यावर. पूर्व पश्चिम माहीत असून मी महिनाभर कॅम्पसवर उलटी चालत होते. रात्री मृग नक्षत्र बघितलं तर ते उलटं, खाली डोकं वर पाय, आणि ज्या पोरीला लहानपणापासून मृग म्हणजे पेरणी एवढंच माहीत तिला ते बघून फार परकं वाटलं, मी बाहेर पायरीवर बसून रडले त्या दिवशी. माझी खोली दक्षिणेकडे तोंड करून होती. जून-जुलैत तिथे कडक थंडी, पहाटे शून्याच्या खाली, गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि दक्षिणेच्या खोलीत दिवसभरात एक कवडसा येत नाही. रूम निवडायची वेळ आली तर उत्तरेकडची मागा, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट फॉर्म भरताना कळली. रकाना होता, आफ्रिकन, कलर्ड, इंडियन किंवा एशियन, व्हाइट. आपल्याला जातीचा रकाना माहीत असतो पण हे वाचून हात थांबला. कॅन्टीनमध्ये डर्बनच्या एका प्राध्यापकांशी बोलणं झालं, त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर करारावर आलेले, तिकडे भारतीयांचं पहिलं जहाज १८६० साली लागलं. ते म्हणाले, तू आज इथे खोली घेऊन राहतेस, माझ्या वडिलांना इथून नुसतं जायला पण परवाना लागायचा. खरं आहे ते. ब्लूमफाँटेन ज्यात येतं त्या ऑरेंज फ्री स्टेटने, तेव्हा ते वेगळं प्रजासत्ताक होतं, १८९१ च्या कायद्याने भारतीयांना तिथे स्थायिक व्हायला बंदी घातली होती आणि ती पूर्ण उठली १९८६ मध्ये. म्हणजे माझी आई शाळेत होती तेव्हापर्यंत माझ्या रंगाच्या माणसाला या गावात घर करून राहता येत नव्हतं. आणि याच गावात १९१२ साली आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची, म्हणजे मंडेलांच्या पक्षाची, स्थापना झाली. त्यानंतर मी तो रकाना भरताना दर वेळी थोडं थांबायचे.

आता टॅक्सी. तिकडे टॅक्सी म्हणजे आपली वडाप, पांढरी मिनीबस, पंधरा जण भरल्याशिवाय हलत नाही. रँकवर, म्हणजे टॅक्सी स्टँडवर, मोबाइल बाहेर काढायचा नाही, अंधार पडल्यावर एकटीने जायचं नाही, हे सगळ्यांनी सांगितलेलं आणि मी पाळलं, तुम्हीही पाळा. पण कोणी हे नाही सांगितलं की ड्रायव्हरशेजारी बसलं की हिशोब तुमच्याकडे. मी पहिल्याच दिवशी पुढे बसले. गाडी सुटली तशा मागून नोटा यायला लागल्या, खांद्यावर टकटक, "दोघांचे", परत टकटक, "तिघांचे, सुट्टे दे". ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर, तो काही बघत नाही. माझ्या मांडीवर नोटा, चिल्लर, आणि कोणाला किती परत द्यायचे काही कळेना. मागच्या एका म्हाताऱ्या बाईंनी ओळखलं, पुढे वाकून त्यांनी एकेका रांगेचा हिशोब मला बोटांवर लावून दिला. सगळे थांबले, एकही जण चिडला नाही. उतरताना मी थँक यू म्हटलं तर म्हणाल्या, "केआ लेबोहा म्हणायचं, ऑसी." केआ लेबोहा म्हणजे आभारी आहे, ऑसी म्हणजे ताई.

त्याच आठवड्यापासून मी सेसोथो, म्हणजे ही तिकडची भाषा, शिकायला लागले, वहीत लिहून. दुमेला म्हणजे नमस्कार. पुरुषाला न्ताते म्हणायचं, बाईला म्मे, म्हणजे बाबा आणि आई. बरोबरीच्याला ओ काए, कसा आहेस, पण मोठ्या माणसाला ले काए, कसे आहात. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला! तू आणि तुम्ही! इंग्रजीत जे आपल्याला करता येत नाही ते यांच्या भाषेत आपल्यासारखंच आहे. दुकानात म्मे सुट्टे द्यायच्या ते उजव्या हाताने, आणि डावा हात उजव्या कोपराखाली धरलेला. देवळात तीर्थ घेताना आपण हात धरतो ना, काहीसा तसाच. मीही तसेच घ्यायला लागले आणि त्या दिवसापासून त्या माझ्यासाठी पालकाची जुडी बाजूला ठेवायच्या.

जुलैच्या सुट्टीत होस्टेलमधली मैत्रीण तिच्या घरी लेसोथोला घेऊन गेली. लेसोथो हा पूर्ण देश चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे, आणि त्यातली सगळ्यात खालची जागा पण साधारण १४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ आमच्या महाबळेश्वरएवढी उंच. टॅक्सीने बोत्शाबेलो, थाबा न्चू, लेडीब्रँड करत मासेरू ब्रिजपर्यंत गेलो, तिथे उतरायचं, इकडचा शिक्का, मग नदीवरचा पूल चालत ओलांडायचा आणि पलीकडचा शिक्का. माझी छाती धडधडत होती, व्हिसा होता पण भारतीय पासपोर्ट बघून काय विचारतील कोण जाणे. खिडकीत गेले, फाइल पुढे केली नाही, आधी म्हटलं, "दुमेला, न्ताते, ले काए?" ते साहेब मान वर करून बघायला लागले, मग शेजारच्याला हाक मारून म्हणाले, ऐक ऐक, ही काय म्हणतेय. "रे तेंग, ऑसी, वेना ओ काए?" आम्ही ठीक, तू कशी आहेस. के तेंग म्हटलं. शिक्का मारून झाल्यावरच त्यांनी विचारलं कुठून आलीस. पैशांचं एक लक्षात ठेवा, तिथलं चलन लोटी, किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडएवढीच आणि रँड सगळीकडे चालतात, पण उरलेले मालोटी (लोटीचं अनेकवचन) परत येण्याआधी खर्च करा, ब्लूमफाँटेनला कोणी घेत नाही.

मैत्रिणीचं घर रोमा नावाच्या गावाच्या पुढे डोंगरात. वाटेत माळावर मेंढरं, मागे पोरगा, अंगावर जाड लोकरी ब्लँकेट पिनेने खांद्यावर अडकवलेलं, हातात काठी. मी गाडीतून ओरडलेच, अगं हा तर आमच्या गावचा आहे! माणदेशातला धनगर आणि त्याची घोंगडी, फक्त इथली घोंगडी रंगीत नक्षीची.

मैत्रिणीच्या आजींच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. मी चपला काढून आत गेले आणि पायाला तो गार स्पर्श झाल्याबरोबर मला काही बोलताच येईना. त्यांनी पापा दिली, पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि मोरोहो, म्हणजे पालेभाजी, बारीक चिरून परतलेली. हाताने खायचं. मग एका भांड्यात पातळसर, गुलाबीसर तपकिरी काहीतरी आणलं, वास ओळखीचा आला. मोतोहो. ज्वारीचं पीठ आंबवून शिजवलेलं. मी एक घोट घेतला आणि म्हटलं ही आंबील आहे, माझी आजी उन्हाळाभर हीच करते, फक्त ती ताक आणि लसूण घालते. मैत्रिणीने ते सांगितल्यावर आजींनी दोनदा म्हणून बघितलं, आंबिले, आंबिले.

बियाणं परवान्याशिवाय बॉर्डरवरून नेता येत नाही, आमचा विषयच तो असल्यामुळे मला ते पक्कं माहीत, म्हणून मी फक्त फोनमधला फोटो दाखवला, आमच्या रानातलं मालदांडी ज्वारीचं कणीस, बाजूला वडील. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेला, कणीस बोटांनी मोठं करून बघितलं, वडिलांना नाही, कणसालाच. मग पहिला प्रश्न विचारला, पाखरं किती येतात?

मी म्हटलं खूप, आम्ही माचाण बांधतो, गोफण फिरवतो, आणि उभी राहून हात डोक्यावर गरागरा फिरवून दाखवलं. त्या पण उठल्या. गुडघे दुखत होते त्यांचे, तरी उठल्या, ब्लँकेट खांद्यावर सारखं केलं, आणि लहानपणी उन्हं वर येण्याआधी शेतात बसून पाखरं कशी उडवायच्या ते दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडून दाखवलं. बाहेरची कोंबडी फडफडून पळाली. मग त्या म्हणाल्या, आता तू तुमचं ओरड.