तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या तिखटात बिअर काय कळणार?

"सोलापुरात राहून, रोज शेंगाचटणी खाऊन तुम्ही बिअरला मार्क देता? एवढ्या तिखटात चव काय कळते?" पुण्याचे लोक हे जरा हसून विचारतात, गावातले काळजीने. एकेकाला उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एकवीस वर्षांची अट आणि परमिट याबद्दल वेगळं सांगायला नको.

मार्क देण्याची बैठक वेगळी आणि जेवणाची वेगळी. मार्क जेवणाआधी, कोऱ्या तोंडाने. त्याआधी तासभर चहा नाही, सुपारी नाही, बडीशेपसुद्धा नाही. स्वयंपाकघरात लसणाची फोडणी पडत असेल तर मी गच्चीवर जाऊन बसतो, कारण फोडणी नाकात शिरली की हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणारी फुलं) वास सापडत नाही.

ग्लास लिंबाच्या वासाच्या साबणाने घासू नका. खायचा सोडा लावून, भरपूर पाण्याने खळबळून, उपडा वाळवा. कापडाने पुसू नका. मग ग्लास ओला करून आतून मीठ भुरभुरवा. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ. मध्येच मोकळे डाग राहिले तर तिथे तेलकटपणा आहे. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले, तर त्याचाही अर्थ तोच. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायची हौस सोडा. बर्फाने फेस भलताच उसळतो आणि वास दबतो.

थंडपणाचंही तसंच. साधी लागर, म्हणजे नेहमीची सोनेरी बिअर, 4 ते 6 अंशांवर, गव्हाची बिअर 6 ते 8, भरपूर हॉप्सची कडू आयपीए 8 ते 10, भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट 10 ते 13. "एकदम चिल्ड" प्यायलात तर जीभ बधिर होते आणि सगळ्या बिअर सारख्याच लागतात. आपल्याकडे मे महिन्यात उलटी अडचण असते, ग्लास बघता बघता कोमट होतो. म्हणून एका वेळी 100 मिली ओतायची आणि बाकीचा कॅन बर्फाच्या पाण्यात उभा करायचा. ओतल्याबरोबर आधी वास घ्यायचा, कारण हलके वास पहिल्या काही सेकंदांतच उडून जातात. मग रंग आणि फेस बघायचा. मग घोट घेऊन, गिळून, तोंड मिटून नाकाने श्वास सोडायचा. खरी चव तिथे कळते. गव्हाची बिअर असेल तर दोन तृतीयांश ओतून बाटली हलकेच फिरवायची आणि तळाचं यीस्ट शेवटी घ्यायचं. केळ्याचा आणि लवंगेचा वास ह्या बिअरला यीस्टमुळेच येतो.

मार्क पन्नासपैकी. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात कशी लागते त्याला 5 आणि एकूण परिणामाला 10. ही विभागणी माझी नाही, अमेरिकेतल्या बीजेसीपी ह्या परीक्षकांच्या संस्थेची आहे. दोन बिअरच्या मध्ये तोंड साफ करायला ते लोक बिनमिठाचा पाव किंवा बिस्कीट वापरतात. मी बिनमिठाची ज्वारीची भाकरी वापरतो आणि तिच्याइतकं चांगलं ह्या कामाला दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे.

इतकं करून एखाद्या बिअरला मी 22 मार्क दिले की लोक म्हणतात, "तिखटाने तुमची जीभ गेली." नाही हो. खोकी कुठे ठेवली होती ते आधी विचारा. उष्णता दहा अंशांनी वाढली की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे 10 अंशांवर आठ महिने टिकणारी बिअर 40 अंशांच्या पत्र्याखाली महिनाभरात तेवढीच शिळी होते. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर समजा, हेच झालंय. जळक्या रबरासारखा वास वेगळा, तो उजेडाचा. ऊन लागलं की हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकाचं संयुग तयार होतं. हिरवी किंवा पांढरी काच ते अडवत नाही, तपकिरी बरंचसं अडवते, कॅन पूर्ण अडवतो. म्हणून दुकानात दर्शनी भागात मांडलेली हिरवी बाटली मी उचलतच नाही. आयपीए घेताना भरल्याची तारीख बघा. तीन महिन्यांच्या पुढची असेल तर हॉप्सचा वास बराच उतरलेला असतो आणि नुसता कडूपणा शिल्लक राहतो.

आता जेवण. तुमचा प्रश्न खरा इथे आहे आणि त्याला मी इतके दिवस बगल दिली, कारण त्यामागे दाजींचा तो रविवार आहे.

काळ्या मसाल्याचं मटण होतं, झणझणीत रस्सा, भाकरी, कांदा, शेंगाचटणी. मी आयपीए काढली होती, कडूपणा 60 आयबीयूच्या वर (आयबीयू हे बिअरच्या कडूपणाचं माप). संध्याकाळी कोऱ्या तोंडाने तिला 38 मार्क दिले होते: संत्र्याच्या सालीचा, आंब्याचा स्वच्छ वास, कोरडा शेवट. तिखट जेवणाबरोबर आयपीए, हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि मीही सगळ्यांना तेच सांगत होतो. दाजींनी रश्शात भाकरी कुस्करली, दोन घास खाल्ले, वर मोठा घोट घेतला आणि ग्लास सरळ बाजूला सारला. "आधीच जीभ पेटलीय, त्यात हे कडू काय पाजायलाव आम्हाला?" सगळ्यांसमोर. मग त्यांनी ताक मागवलं आणि पुढचं अख्खं जेवण त्यांच्या ग्लासातला फेस बसत गेला.

मला ते लागलं. पण त्यांची जीभ बरोबर सांगत होती. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णतेच्या संवेदना जागवतं, आणि हॉप्सचा कडूपणा त्यावर पडला की दोन्ही चढतात. गॅसच्या टोचणीने आणखी भर पडते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण 5-6 टक्क्यांत काही भागत नाही, उलट अल्कोहोलही झोंबतं. ताकातलं केसीन हे प्रथिन मात्र कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलतं. तिखट शमवायचंच असेल तर कुठलीही बिअर ताकाची बरोबरी करणार नाही, हे मी आता न कुरकुरता सांगतो.

त्याच रश्शाबरोबर गव्हाची बिअर घेतली तर गोष्ट बदलते. कडूपणा 10-15 आयबीयू, धान्याचा गोडसरपणा, आणि तिच्यातला लवंगेचा वास काळ्या मसाल्यातल्या लवंगेला भेटतो. दाजींना नंतर ती दिली. त्यांनी संपवली, बोलले मात्र काही नाहीत.

मग त्या आयपीएच्या 38 मार्कांचं काय करायचं? पूर्वीचा मी म्हणतो, बिअरचा काय दोष, मार्क बिअरचे असतात, ताटाचे नाहीत. आणि ते खरंही आहे. ती आयपीए उत्तम बनवलेली होती. पण माझं लिहिलेलं वाचून कोणी रविवारच्या मटणाला तीच आणली आणि ग्लास तसाच राहिला, तर माझे 38 त्याच्या काय कामाचे? सध्या मी मार्कांखाली जेवणाची वेगळी ओळ लिहितो, आकड्याशिवाय. ह्याने माझंही समाधान होत नाही. कमी तिखट, चरबीदार मटणाबरोबर तीच आयपीए मला अजून आवडते, आणि ज्यांना भडकाच हवा असतो त्यांना तर रश्शाबरोबरही आवडते.

शेंगाचटणीबद्दल मात्र मला शंका नाही. भाजलेला दाणा आणि भाजलेलं माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य), दोन्हींचा खमंगपणा पायराझीन ह्या एकाच कुळातल्या द्रव्यांचा, म्हणून स्टाउट किंवा तिच्याच जातीची पोर्टर चटणीशी फार छान जमते. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी घ्या. ते तेल जिभेवर पसरतं आणि स्टाउटचा करपट कडूपणा बोथट होतो. फक्त प्रत्येक घोटाआधी ओठ पुसा. तेलकट ओठ फेसाला लागला की त्या कडेने फेस फाटत जातो आणि काही घोटांत ग्लास उघडा पडतो. लोक म्हणतात बिअर "बसली". बिअर ठीक असते, चटणीच्या तेलाने फेस मोडलेला असतो. आणि चटणी खाल्ल्यावर त्या रात्री दुसऱ्या बिअरला मार्क देऊ नका, लसूण तासन्‌तास तोंडात राहतो.

हुरड्याबरोबर धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर घ्या, हुरड्याचा कोवळा गोडवा कडू बिअरखाली दबून जातो. शेंगापोळीपुढे कोरडी स्टाउट पाणचट आणि कडू लागते, कारण गुळाचा गोडवा बिअरपेक्षा वरचढ होतो. तिथे दुधातल्या साखरेची, गोडसर मिल्क स्टाउट हवी. तीही पोळी कोमट असताना आणि वर तूप कमी असेल तर.