बरणी क्र. ४ (बंद काचेच्या बरणीतली छोटी बाग, म्हणजे टेरॅरियम), दिवस ९७

पावणेसातला बघितलं. खिडकीकडच्या काचेवर निम्म्यापर्यंत दव, मागची काच कोरडी. दहा वाजेपर्यंत सगळं निवळलं. याचीच वाट बघत होते! सुरुवातीला काच दिवसभर घामेजलेली असायची, म्हणजे पाणी जास्त झालं होतं. मग रोज अर्धा तास झाकण काढून ओल उतरवली. पहिल्या दिवसानंतर आत एक थेंबही घातलेला नाही.

थर नेहमीचेच: बोटभर खडी, जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, ठेचलेला कोळसा, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि माती. बरणी आईची, लोणच्याची. फिटोनिया (रंगीत शिरांच्या पानांचं बुटकं झाड) आणि नेचं नर्सरीतून आणलं. शेवाळ मात्र सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवरचं, जुलैत सुरीने अलगद सोडवलेलं. (ठाण्याच्या येऊरला फिरायला गेलात तर तिथून काही उचलू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे.)

काल संध्याकाळी त्या भिंतीपाशी थांबले. ऑक्टोबरच्या उन्हात तिथलं शेवाळ करपून काळं पडलंय, नखाने खरवडलं तर भुगा होतो. वर घरात त्याचंच भावंड पोपटी, मखमली, टोकांवर पाण्याचे मणी. माझ्या टेबलावर अजून जुलै चालू आहे. मी या छंदात पडले ती यासाठीच. पाऊस गेला की मला दरवर्षी चुकल्यासारखं होतं.

१८२९ मध्ये लंडनच्या डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांनी पतंगाचा कोष ओल्या मातीसकट बंद बाटलीत ठेवला आणि त्या मातीतून नेचं उगवलं. त्यांच्या बागेतली नेची शहराच्या धुराने मरत होती, बाटलीतलं जगलं. घोडबंदर रोडवर राहून, बाल्कनीतल्या तुळशीवरची धूळ रोज पुसताना, मला त्या माणसाचा आनंद अगदी कळतो.

एकोणिसाव्या दिवशी काटकीवर कापसासारखी बुरशी आली होती. बागेतल्या ओल्या पाचोळ्याखालचे स्प्रिंगटेल, म्हणजे बुरशी खाणारे इवलेसे जीव, आत सोडले. पांढरे, तिळाहून बारीक. आठवड्यात काटकी स्वच्छ.

जागा उत्तरेच्या खिडकीपासून दोन हात आत. बरणी क्र. २ एप्रिलमध्ये पश्चिमेच्या ग्रिलवर ठेवली होती. बंद काचेत ऊन कोंडलं आणि एका दुपारीत झाडं अक्षरशः उकडून निघाली. त्याचं अजून वाईट वाटतं.

आज नेच्याला नवा कोंब दिसला, तांदळाएवढा, गुंडाळलेला. फिटोनियाची दोन पानं मात्र काचेला चिकटलीत, तिथे कुजतील. उद्या लांब कात्रीने शेंडे खुडते.