डोंबिवली स्टेशन आणि ६१७४

आज नौपाड्यात आमच्या गणित मंडळाची बैठक होती. विषय होता दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातलाच. आयुष्यभर देवळालीला शाळामास्तर. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ ही खास संख्या सापडली.

वक्त्यांनी फार बोलण्याआधी खडूच मुलांच्या हातात दिला, हे मला फार आवडलं. सातवीतली एक मुलगी फळ्यापाशी गेली आणि येताना बसलेल्या रिक्षाचा नंबर लिहिला, ४७०३. अंक उतरत्या क्रमाने ७४३०, चढत्या क्रमाने ०३४७. वजाबाकी ७०८३. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८. उत्तर लिहिता लिहिता तिचा हात थांबला, मागे वळून आईकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "आलं!" ६१७४.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही ठिकाणी एकच अंक नसला की झालं, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतो. दोन्ही संख्यांत अंक तेच, म्हणून प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग जातो, हेही मुलांनीच शोधलं.

आणि डेम्लो संख्या! १२१ (११ चा वर्ग), १२३२१ (१११ चा वर्ग) या त्यातल्याच. त्यांची कल्पना कापरेकरांना डेम्लो स्टेशनावर सुचली, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. रोज तिथून गाडी पकडते मी, आणि हे आज कळलं.

निघताना त्या मुलीने विचारलं, पाच अंकी घेतली तर? तिथे एकच मुक्काम नाही, संख्या चक्रात फिरत राहतात. ती वहीत करून बघायला लागलीसुद्धा.