मनोऱ्याच्या पुढची वाट

नी-ऑलेसुंड, स्वालबार्ड (आर्क्टिकमधला नॉर्वेचा द्वीपसमूह). जुलै.

रात्रीचे साडेदहा, बाहेर लख्ख ऊन. एप्रिलच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत इथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे ‘अंधार पडायच्या आत परतू’ हा घाटवाटांवरचा हिशेब कामाचा नाही. परतीची वेळ आधी ठरवायची, लिहून ठेवायची आणि मगच निघायचं. ‘हिमाद्री’ हे आपलं केंद्र २००८ पासून इथे आहे, गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेचं. तिथून येणाऱ्या नव्या माणसाला आधी ही सवय लावावी लागते.

वस्तीबाहेर पडायचं तर अस्वलासाठी रायफल सोबत हवी आणि ती चालवण्याचं प्रशिक्षण झालेलं हवं. गोळ्या मॅगझिनमध्ये, चेंबर मात्र रिकामं, म्हणजे ओल्या दगडावर घसरलो तरी गोळी सुटणार नाही. पण रायफलीपेक्षा आधी हात जातो तो सिग्नल पिस्तुलाकडे. त्याचा बार आपल्या आणि अस्वलाच्या मधे फुटायला हवा. घाईत नेम उंच गेला तर तो अस्वलाच्या पाठीमागे फुटतो आणि बिथरलेलं जनावर आपल्याच दिशेने पळत सुटतं. मुळात तितकं जवळ जायचंच नाही. २०२५ पासून किमान ३०० मीटर अंतर राखणं कायद्यानेच बंधनकारक आहे. मार्च ते जून ५०० मीटर.

फोन फ्लाइट मोडवर, ब्लूटूथ बंद. इथल्या मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या क्वेसारांचे (दूरच्या आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांचे) अतिक्षीण संकेत टिपतात आणि त्यावरून पृथ्वीच्या हालचाली मोजतात, म्हणून २ ते ३२ गिगाहर्ट्झचा पट्टा शांत ठेवावा लागतो. तेव्हा कागदी नकाशा, होकायंत्र आणि परवानगीचा रेडिओ.

चाल सोपी दिसते, तशी नाही. हिमनदीजवळच्या मोरेनवर (तिने लोटून आणलेल्या दगडमातीच्या राशीवर) खडीचा पातळ थर असतो आणि खाली निव्वळ बर्फ. पाय दगडावर पडतो, दगड बर्फावरून सटकतो. ओढा ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, कारण पडलो तर ओझं तत्काळ टाकता आलं पाहिजे. तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे, काठीचा आधार, आणि पाणी गुडघ्याच्या वर आलं की मागे फिरायचं. वस्तीत कुररी पक्षी अंडी-पिल्लांच्या काळात डोक्यावर झडप घालतात. काठी डोक्यापेक्षा उंच धरली की ते सर्वांत उंच टोकावर, म्हणजे काठीवरच चोच मारतात.

वस्तीपासून थोडं चाललं की नॉर्वेचा ध्रुवीय संशोधक आमुंडसेन याचा, हवाईजहाज बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा लागतो. ११ मे १९२६ ला ‘नॉर्गे’ हे वायूच्या फुग्यावर तरंगणारं १०६ मीटर लांबीचं हवाईजहाज इथून सोळा माणसं घेऊन निघालं, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेलं आणि १४ मे रोजी अलास्कातल्या टेलरला उतरलं. धुक्यात अंगावर बर्फ साचत होता. पंख्यांवरून सुटलेले त्याचे तुकडे बंदुकीच्या छऱ्यांसारखे फुग्याच्या कापडात घुसत, आणि आत हायड्रोजन. माणसं उड्डाणातच ठिगळं लावत होती.

तरी मला आमुंडसेन आणि त्याच्या सोबत्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते ती आदल्या वर्षीची, ध्रुव न गाठलेली. २१ मे १९२५ ला याच फ्योर्डवरून (डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीवरून) दोन डॉर्निए विमानं निघाली. ८७ अंश ४४ मिनिटांच्या आसपास ती बर्फात उतरली आणि एक निकामी झालं. सहा माणसं, रेडिओ नाही, अन्न तोलून-मापून. तीन आठवड्यांहून जास्त काळ ते हाती मिळेल त्या हत्यारांनी बर्फ तोडून, बाजूला सारून, तुडवून धावपट्टी करत राहिले. एक पट्टी फुटली की दुसरी. १५ जूनला जवळपास सगळं सामान टाकून सहाही जण एका विमानात बसले आणि जिवंत परतले. ओल्या बर्फात एक किलोमीटर चालून पिंढऱ्या भरून येतात तेव्हा ‘तीन आठवडे’ या शब्दांचं वजन कळतं.

१९२८ मध्ये ‘नॉर्गे’चा इटालियन रचनाकार आणि चालक नोबिले याचं ‘इटालिया’ हे हवाईजहाज ध्रुवावरून परतताना कोसळलं. आमुंडसेनचं नोबिलेशी बिनसलेलं होतं, तरीही तो १८ जूनला ट्रॉम्सोहून शोधाला निघाला आणि विमानासह नाहीसा झाला. पुढे विमानाचा एक तरंगक आणि इंधनाची टाकी तेवढी समुद्रात सापडली.

मनोऱ्याजवळ हवाईजहाजाच्या लाकडी हँगरचे अवशेष आहेत. १९४६ पूर्वीची माणसाची प्रत्येक खूण स्वालबार्डमध्ये संरक्षित आहे. भोवतीच्या १०० मीटरच्या पट्ट्यात तंबू किंवा शेकोटी चालत नाही. गंजका खिळाही उचलायचा नाही, फोटोसाठी फळी सरकवायची नाही. तिथे थांबायचंच असेल तर एकाने वस्तू पाहाव्यात आणि दुसऱ्याने दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर नजर ठेवावी, मग पाळी बदलावी.