मिठाचे प्रमाण

बायकोला जाऊन वर्ष झाल्याच्या मिसेसाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, छापलेल्या कार्डावरचा मजकूर मीच लिहून दिला होता: ‘प्रेमळ पत्नी आणि धर्मनिष्ठ माता.’ 36 वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोविषयी एवढेच सुचले. 30 नोव्हेंबर 2024 च्या पहाटे सावंतवाडीहून जुन्या गोव्याच्या पदयात्रेत निघालो, तेव्हा ते कार्ड तिच्या तेर्साच्या, म्हणजे जपाच्या, माळेसोबत माझ्या पिशवीत होते. शेजारच्या वहिनी या चालण्याला ‘तुमची वारी’ म्हणतात. त्यांच्या घरची माणसे आषाढीला पंढरपूरला जातात, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगावे लागत नाही. निघताना त्यांनी नाचणीचे लाडू बांधून दिले आणि ‘भाऊजी, झेपेल ना?’ असे विचारले, ते मला आवडले नाही.

ही, म्हणजे माझी बायको, 2001 पासून दर वर्षी चालत जात असे. मी एकदाही गेलो नाही. सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताच्या दिवशी, 3 डिसेंबरला, पहाटेच्या गाडीने थेट गाठायचे, मीस ऐकायची आणि तिला घेऊन परतायचे, हा माझा शिरस्ता. ती नसलेल्या तीन दिवसांत भात करपत असे, मुलांच्या डब्यात रोज अंडीच जात, आणि माझी चिडचिड शेजाऱ्यांनाही ऐकू जात असे. मात्र ती वाटेवर आमच्यासाठीच प्रार्थना करत असणार, मुलाची नोकरी, मुलीचे बाळंतपण आणि माझा रक्तदाब सायबाच्या कानावर घालत असणार, याची मला खात्री होती आणि त्या खात्रीत थोडा मोठेपणाही वाटत असे. 2014 मध्ये सायबाच्या शवप्रदर्शनात तिने रांगेत पाच तास काढले होते. पुढचे दर्शन दहा वर्षांनी, म्हणजे मी सत्तरीची होईन, असा हिशेब तिने परतीच्या गाडीतच केला होता. तो एका वर्षाने चुकला.

पुढे खुरीस, म्हणजे क्रूस, मागे सामानाचा टेम्पो आणि मध्ये साठ-सत्तर माणसे. एका तरुणाच्या हाती भोंगा होता. तेर्साचे एक रहस्य, म्हणजे जपाचा एक टप्पा, पुरे होते न होते तोच तो ‘रांग मोडू नका’ असे ओरडे आणि माझी मोजणी चुके. ही नमान मोरिये, मारियामातेची प्रार्थना, कोकणीतच म्हणत असे, कारण ते तिला तिच्या आईने शिकवले होते. चर्चमध्ये मात्र सगळे मराठीत. देवाला मराठी येते, पण कोकणी जरा लवकर कळते, असे ती म्हणे. मला दोन्ही भाषांत रहस्यांचा क्रम आठवत नव्हता. बांदा, पत्रादेवी, त्या रात्रीचा मुक्काम, सगळे पायांखालून गेले, आणि पहिला दिवस कुठे संपून दुसरा कुठे सुरू झाला ते आता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवसाची दुपार मात्र पुरती लक्षात आहे. मुलाने पुण्याहून महागडे बूट पाठवले होते आणि ते मी निघण्याच्या दिवशीच प्रथम पायांत घातले होते. पेडण्याच्या पुढे महामार्ग चौपदरी झाल्यापासून सावली उरलेली नाही. दोनच्या सुमारास उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला, थोड्याच वेळात डावीकडेही आला, आणि मी मागे पडलो. टेम्पोत बसा, असे भोंग्यावरून माझ्या नावानिशी जाहीर झाले, तेव्हा संतापाने मी मुद्दाम बाजूच्या आडवाटेला वळलो. त्या वाटेवरच्या पहिल्याच घराच्या पडवीत एक बाई शिलाई यंत्रावर ब्लाउज शिवत बसल्या होत्या. दारात तुळस होती. त्यांनी माझ्या चालीकडे पाहिले आणि यंत्र थांबवले.

“बसा हंय,” एवढेच त्या म्हणाल्या.

घमेल्यात मिठाचे कोमट पाणी आले. पाय त्यात असतानाच त्यांनी यंत्राच्या खणातून सुई काढली, तिच्यात काळा दोरा ओवला, काडी ओढून सुईचे टोक लाल केले आणि माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली. परक्या बाईच्या मांडीवर पाय ठेवायचा, याने मी इतका अवघडलो की दुखायचेही राहून गेले. सुई फोडाच्या एका कडेने आत गेली, दुसऱ्या कडेने बाहेर आली. दोरा त्यांनी तसाच आत ठेवून दोन्ही टोके बोटभर सोडून कापली आणि त्या दोऱ्यावरून पाणी हळूहळू निथळू लागले. मग भिरंडेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा, गोळा आणला. पळीत त्याचा तुकडा टाकून ती चुलीवर धरली आणि ते तूप, जेमतेम सोसवेल इतके गरम, टाचेच्या भेगांत थेंबथेंब सोडले. हे तेल आमच्याही घरी असे. दर डिसेंबरात ही रात्री ओट्याशी उभी राहून ते पळीत तापवत असे आणि मी खोलीतून वास कसला येतो म्हणून विचारत असे. वीस वर्षांत उठून पाहायला गेलो नाही.

“कोणासाठी चालताय?” त्यांनी विचारले.

“बायकोसाठी.”

“आजारी आहे?”

मी नाही म्हणालो. खोटे नव्हते. निघताना त्यांनी चोळीतून वीस रुपयांची नोट काढून माझ्या हातात दिली आणि सायबाला आपल्या नावाने एक मेणबत्ती लावायला सांगितले. त्यांचे नाव विचारायचे राहिले.

बूट पिशवीत, पायांत त्यांच्याच घरच्या जुन्या रबरी चपला, अशा थाटात मी काळोख पडल्यावर म्हापशाच्या मुक्कामी पोहोचलो. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारियामाता, ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण, हे दर वर्षी ऐकवणारी घरात नव्हती. दिवाणखान्याएवढ्या खोलीत बायका पाय पसरून बसल्या होत्या. माझ्या टाचेतला दोरा पाहून त्यांच्यातली एक जोरात हसली आणि म्हणाली, “मास्तरानू, आज बाय आसती तर तुमची नक्कल करून दाखवल्यान आसती.”

कसली नक्कल, असे मी विचारले. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग तिनेच पाठ ताठ केली, अदृश्य चष्मा नाकावर सरकवला आणि माझ्या आवाजात म्हटले, “आज आमटीत मिठाचे प्रमाण किंचित न्यून भासते.”

खोली हसून कोसळली. ही दर वर्षी या मुक्कामी माझी नक्कल करत असे. त्याशिवाय कोलवाळच्या पुलावर चपला हातात घेऊन गात असे, वाटेत टपरीवर मिरची भजी आणि लिंबू सोडा घेत असे. घरी तिला बाहेरचे चालत नसे. आमच्यासाठी काय मागायची, असे मी शेवटी विचारले. घरचा विषय कधी काढीत नसे, त्या म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. बराच वेळ मी अपमानित होतो, आणि पहाटेच्या सुमारास, का ते ठाऊक नाही, नव्हतो.

पर्वरी, मांडवीवरचा पूल, पणजी झाली. रायबंदरच्या वाटेला लागलो, तेव्हा खाजणावर ऊन उतरले होते आणि भोंगेवाल्या तरुणाचा आवाज बसला होता, याचा मला निर्मळ आनंद झाला.

फेस्ताच्या दिवशी सायबाची कुडी नेहमीच्या बॉम जेझू चर्चमध्ये नव्हती, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनाला ठेवली होती. रांग मैदानभर वळसे घेत होती. 1552 मध्ये चीनचा किनारा समोर दिसत असताना एका बेटावर तो वाट पाहत मेला, आणि तेही आजच्याच तारखेला, हे ही मला दर वर्षी परतीच्या गाडीत सांगत असे. मी खिडकीबाहेर पाहत असे. काचेपाशी दोन क्षण मिळाले. त्यात मी काही मागितले नाही. बाहेर येऊन वीस रुपयांची मेणबत्ती लावली. दुसरी विकत घेतली होती, ती कार्डासोबत पिशवीत राहिली.

दुपारी मांडवाखाली पंगत बसली. आमटी खरोखर अळणी होती. शेजारी दुसऱ्याच कुठल्या गावाच्या यात्रेतल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. आमच्या बायका चार ताटे पलीकडे. मी पाठ ताठ केली आणि मोठ्याने म्हणालो की आज आमटीत मिठाचे प्रमाण किंचित न्यून भासते. पलीकडे एकदम शांतता पसरली. म्हाताऱ्या बाईंनी काही न बोलता त्यांच्या पानातले मीठ चिमटीने उचलून माझ्या पानात ठेवले.